खड्ड्याचा खाडा

माझ्या नवऱ्याला सायकल मी शिकवली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचा माझा जळफळाट समजायला सोपं जाईल. तो दादरला चौथ्या मजल्यावर वाढला. सायकल ठेवायला जागा नाही आणि चालवायला रस्ता नाही. मी पुण्याची. पाचवीपासून इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षापर्यंत मी एकाच लाल लेडीज सायकलवर सगळीकडे हिंडले. लग्न करून इंग्लंडमध्ये वॉटफर्डला आलो तेव्हा हा तेहतीस वर्षांचा घोडा, आणि मी शनिवारी सकाळी पार्कात कॅरियर धरून त्याच्यामागे धावत ओरडायचे, "समोर बघ! हात ढिले सोड! खड्डा, खड्डा!" कुत्री फिरवायला आलेल्या म्हाताऱ्या थांबून बघायच्या. तिसऱ्या शनिवारी तो एकटा तळ्यापर्यंत जाऊन आला तेव्हा मी टाळ्या वाजवल्या होत्या, आणि त्या मनापासून होत्या.

पुढच्या दोन वर्षांत हा माणूस पार हाताबाहेर गेला. ऑफिसातल्या चौघांचा दर रविवारी सायकलींचा ग्रुप निघायचा, त्यात हा पाचवा झाला. आधी शूज आले, मग ती घट्ट चड्डी आली, मग आमच्या पहिल्या गाडीहून महाग दिसणारी काळी सायकल आली आणि हॉलमध्ये माझ्या तुळशीशेजारी उभी राहिली. एक दिवस त्याने पायांवरचे केस काढले, तेही माझ्या रेझरने. रविवारी दुपारी तो घामेजलेला, खूश होऊन यायचा आणि वरणभात चिवडत मला गिअर समजावून सांगायचा. मला! मी "हो का? अच्छा," म्हणत त्याला वाढायचे आणि मनातल्या मनात चरफडायचे.

एकदा तरी याने म्हणावं, "चल, तूही ये," एवढंच मला हवं होतं. तो म्हणाला नाही. मी मागणार नव्हते. शिकवणाऱ्या बाईने शिकणाऱ्याच्या मागे लागायचं म्हणजे काय! त्याऐवजी मी मंगळवारी आणि गुरुवारी ऑफिसनंतर कौन्सिलच्या लेझर सेंटरमध्ये, म्हणजे पालिकेच्या जिम आणि तरणतलावात, जाऊन जागच्या जागी असलेल्या सायकलवर घाम गाळायला लागले. घरी सांगितलं की पोहायला जाते. खोटं पचावं म्हणून तिथून निघताना केस ओले करायचे.

मग त्या ग्रुपने जूनमध्ये फ्रान्सला जायचं ठरवलं. लॉट नावाची नदी आहे, तिच्या काठाकाठाने आठवडाभर सायकली चालवायच्या आणि गावागावात मुक्काम करायचा. सामानाची व्हॅन चालवायला कुणीतरी हवं होतं.

"मी त्यांना म्हटलं, माय वाइफ इज अ ब्रिलियंट ड्रायव्हर," नवरा मला म्हणाला. "तुला छान छान व्हिलेजेस बघायला मिळतील. यू'ल लव्ह इट."

मी हो म्हटलं. का म्हटलं ते आजही नीट सांगता येत नाही. बहुतेक मला माझं दुःख जवळून बघायचं होतं. बाकीच्यांनी पासपोर्ट खिशात टाकले, आमच्या दोघांच्या व्हिसाची फाइल मी लावली आणि निघालो.

नदी सुंदर होती, ते कबूल केलंच पाहिजे. एका बाजूला पांढरे कडे, त्यांना चिकटून दगडी घरं, खाली हिरवं संथ पाणी आणि रस्त्याला अक्रोडाची झाडं. पाचही जण एकामागे एक, चाकाला चाक लागेल इतक्या जवळून जायचे. पुढचा वारा अंगावर घ्यायचा आणि मागचे त्याच्या आडोशाला. थोड्या वेळाने पुढचा बाजूला व्हायचा, मागे जायचा, की पुढची पाळी दुसऱ्याची. मी ताशी वीसच्या वेगाने व्हॅनमधून मागे. माझ्या मागे फ्रेंच गाड्या हॉर्न वाजवत असायच्या आणि माझ्या पुढे माझ्या नवऱ्याची पाठ असायची. पाठ छान दिसत होती मेली.

दुसऱ्या दिवशी खिडक्या उघड्या होत्या म्हणून मला ते ऐकू आलं. पुढून आरोळी आली, "खाडा!" मग मागच्याने ओरडून आणखी मागे पोचवली, "खाडा!" मग तिसऱ्याने, चौथ्याने. सगळ्यांत शेवटी आमचे हे स्वच्छ मराठीत, "खड्डा!" रस्त्यात खड्डा दिसला की पुढच्याने ओरडायचं आणि ते शेवटपर्यंत पोचवायचं, ही त्यांची पद्धत. ह्याला घाईत इंग्रजी शब्द सुचत नसे, हा खड्डाच ओरडायचा, आणि त्या चार इंग्रजांनी तो शब्द आवडीने उचलला होता. उचलून त्याची अशी दशा केली होती. खाडा म्हणजे गैरहजेरी. पार्कात धापा टाकत मी दिलेला शब्द ह्याने सगळ्या ग्रुपला वाटून टाकला, आणि आता ती माणसं फ्रान्सभर माझ्याच गैरहजेरीची दवंडी पिटत चालली होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. संध्याकाळी मी त्याच्याशी मीठ मागण्यापुरतंच बोलले. त्याला वाटलं, ड्रायव्हिंगने डोकं दुखतंय. त्याने मला गोळी आणून दिली.

चौथ्या दिवशी जेवणानंतर, ऑफिसात पेरोलमध्ये पगाराचे हिशेब बघणाऱ्या बाईंचा गुडघा सुजला. त्या ग्रुपमधल्या एकट्याच बाई, माझ्याच उंचीच्या, पन्नाशीच्या. बुटाला अडकणाऱ्या पेडलची त्यांना भीती वाटे, म्हणून त्यांच्या सायकलला साधीच पेडल होती. "गाडी चालवण्यापुरता गुडघा ठीक आहे," त्या मला म्हणाल्या, "तुला पाहिजे का सायकल? मुक्कामाचं गाव वीसच किलोमीटरवर आहे." नवरा काही बोलायच्या आत मी त्यांचं हेल्मेट डोक्यावर चढवलं होतं.

पहिले दहा किलोमीटर मी शहाण्यासारखी ओळीत राहिले. ती सायकल इतकी हलकी होती की मला हसू येत होतं. नवरा शेवटी होता आणि अधूनमधून मागून सूचना करत होता, "गिअर हलका कर... वन डाउन... रिलॅक्स युअर शोल्डर्स." हात ढिले सोड हे मी त्याला शिकवलेलं, ते तो मला इंग्रजीत परत करत होता. मग माझी पाळी पुढे जायची आली आणि मी पुढे गेले.

पाळी संपली तरी मी बाजूला झाले नाही. मागच्याने सांगून पाहिलं, मी ऐकलं नाही. वारा समोरून येत होता, मांड्या पेटल्या होत्या, आणि लेझर सेंटरमधले सगळे मंगळवार आणि गुरुवार मी त्या रस्त्यावर ओतत होते. ह्याचा दम निघावा एवढीच माझी इच्छा होती. तो सकाळपासून साठ किलोमीटर चालवून आला होता आणि मी ताजी होते, हे मला माहीत होतं. म्हणून मी वेग कमी केला असं झालं नाही.

पुलाच्या अलीकडे रस्ता उखडलेला दिसला. मी ओरडले, "खड्डा!" मागून आलं, "खाडा." मग "खाडा." मग "खाडा." आणि मग काहीच आलं नाही.

मी वळून पाहिलं. रस्त्यावर लांब, अक्रोडाच्या झाडांखाली, तो एकटाच येत होता, मान खाली घालून.

मला फार बरं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण वाटलं.

गावात बाजाराचं जुनं लाकडी छप्पर होतं, त्याच्याखाली आम्ही थांबलो. तो सहा-सात मिनिटांनी आला. तोंड लालबुंद, ओठ कोरडे. मी त्याच्या चेहऱ्यावर शोधत होते. थोडा तरी राग, थोडा तरी मत्सर, माझ्याकडे होता त्यातला चिमूटभर. तो सायकलवरून उतरला आणि हसत सुटला.

"काय चालवतेस गं तू! मी मेलो मागे." मग बाकीच्यांकडे वळून, "म्हटलं नव्हतं तुम्हाला? हिनेच शिकवलंय मला."

"हे आम्ही दर रविवारी ऐकतो," त्यांचा टीम लीड म्हणाला.

दर रविवारी! मी आणखीच पेटले. म्हटलं, "बाईंचा गुडघा काही उद्या बरा होत नाही. उद्यापासून त्यांची सायकल मी घेणार. व्हॅन तू चालव." मला भांडण हवं होतं. तोंडात दोन वर्षांचं बोलणं तयार होतं. त्याने नुसतं नाही म्हणायची खोटी होती.

"चालेल की," तो म्हणाला. "अगं, आधी सांगायचंस ना."

मला रडू फुटलं, तिथेच, सगळ्यांसमोर. त्यांना वाटलं मी दमले. पेरोलमधल्या बाईंनी पिशवीतून केळं काढून सोलून माझ्या हातात दिलं, आणि मी ते रडत रडत खाल्लं.