ट्रॅक्टरच्या कानाचं पेटंट

मी विश्रामबागच्या एका कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते आणि राहते माहेरी, कृष्णाकाठच्या आमच्या गावात. रोज स्कूटरवरून जाणं-येणं. दिवाळीनंतर साखर कारखान्यांचे बॉयलर पेटले की हा रस्ता माणसांचा राहत नाही, उसाचा होतो. पुढं ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रेलर, ट्रेलरवर घराएवढा ऊस आणि ट्रॅक्टरच्या टपावर कपाटाएवढे स्पीकर. मागून हॉर्न दाबून दाबून अंगठा दुखतो, पण ड्रायव्हर आपला गाण्यात मग्न. चार वर्षांपूर्वी अशाच एका ट्रॅक्टरमागे मी इतकी रखडले की माझ्या पहिल्या तासाची मुलं मला वाटेतच भेटली. घरी परत निघालेली.

त्याच दिवशी संध्याकाळी मी तणतणत मिस्त्रीचाचांच्या दुकानात गेले. आमच्या भागातल्या ट्रॅक्टरांना स्पीकर बसवणारे तेच. चाचा मूळचे आटपाडीकडचे. तरुणपणी विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरायचं काम करत इकडं आले आणि इथलेच झाले. साठी उलटलेली, मेंदी लावलेली दाढी, शाळा सातवीपर्यंत. माझ्या वडिलांचे जिवलग दोस्त, म्हणून मला लहानपणापासून 'बाय' म्हणतात.

"चाचा, तुमच्या स्पीकरांनी जीव जाईल कुणाचा तरी."

चाचा टेस्टरनं कान खाजवत म्हणाले, "मी काय करू, बाय? वाढवून द्या म्हणत्यात, मी वाढवून देतो. कमी करून द्या म्हणणारं एक बी गिऱ्हाईक आजवर आलं न्हाई."

"मी आले की आता."

चाचा हसून पुन्हा कामाला लागले. पण आठ दिवसांनी त्यांचा फोन आला, "बाय, ट्रॅक्टरला कान बसवलाय. बाजारादिवशी चौकात ये."

ट्रॅक्टर आमचाच होता. आबा, म्हणजे माझे वडील, फौजेत सिग्नलला होते. सुभेदार होऊन परत आले आणि ऊस करायला लागले. मिस्त्रींनी मागच्या ट्रेलरच्या बुडाला एक माइक टांगला होता. त्यावर चिखल उडू नये म्हणून पिण्याच्या पाण्याचा प्लॅस्टिकचा पेला उपडा बांधलेला. मागून हॉर्न वाजला की माइकनं तो ऐकायचा, वायरीशिवाय पुढं कळवायचं आणि पुढं प्लेअरला जोडलेल्या डबीनं गाण्याचा आवाज आपोआप खाली आणायचा. इतकी साधी गोष्ट.

चौकात निम्मा बाजार गोळा झाला. आबांनी गाणं लावलं. मी मागून स्कूटरचा हॉर्न दिला आणि खरंच आवाज खाली आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या गाण्याला मात्र घोटाळा झाला. त्या गाण्याच्या संगीतातच भोंगे होते. गाण्यातला भोंगा वाजला, कानानं ऐकला, गाणं बारीक झालं. गाणं बारीक झालं तसा भोंगाही गेला, म्हणून गाणं परत मोठं झालं. मोठं झालं की पुन्हा भोंगा. ट्रॅक्टर चौकात उभ्या उभ्या गचके खायला लागला.

"मिस्त्री, ट्रॅक्टरला उचकी लागलीया! पाणी पाजा!" भाजीवाल्या मावशी ओरडल्या आणि सगळा बाजार हसून लोळला.

चाचांनी शांतपणे वायर उपटली. मला वाटलं, संपलं हे प्रकरण.

संपलं नव्हतं. पंधरा दिवसांनी ते आमच्या घरी आले. चहा निवत ठेवून म्हणाले, "बाय, काल दुकानात मोठ्यानं गाणं लावून स्पीकर तपासत हुतो. आतनं बायकोनं जेवाय हाक मारली. त्या गोंधळात ती मला बराबर ऐकू आली. का म्हणशील? गाणं मला पाठ हाय. पाठ हाय ते वजा केलं की उरली ती बायको!"

मी चमच्यात साखर घेऊन तशीच उभी. हेच समीकरण मी दर वर्षी फळ्यावर लिहीत होते आणि मुलं जांभया देत होती. प्लेअर काय वाजवतोय ते डबीला आधीच ठाऊक असतं. माइकनं ऐकलेल्यातून तेवढं वजा करायचं, उरेल तो बाहेरचा हॉर्न.

मग मीही त्यात शिरले. वजाबाकी नीट जमेना, कारण टपावरचं गाणं मागच्या माइकपर्यंत पोचायला थोडा वेळ लागतो. एका ट्रेलरला कमी, दोन ट्रेलरला जास्त. त्यावर मी तोड काढली. सुरू होताना ट्रॅक्टरनं स्पीकरमधून एक टिचकी वाजवायची, ती मागच्या कानाला किती वेळानं ऐकू आली ते मोजायचं आणि तेवढा उशीर धरून वजाबाकी करायची. आमच्या रानातल्या वाटेवर आम्ही तीन रविवार हे करून पाहिलं. भोंग्याचं गाणं लावलं, उचकी नाही. हॉर्न दिला, आवाज खाली.

कॉलेजात पेटंटवर एक शिबिर झालं होतं, तिथल्या पेटंट एजंटबाईंचा नंबर माझ्याकडं होता. मी चाचा आणि आबांना शेजारी बसवून फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. सगळं ऐकून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "अर्ज करण्याआधी हे कुणाला दाखवलं तर नाही ना? सगळ्यांसमोर दाखवलेल्या गोष्टीला पेटंट मिळणं अवघड असतं."

मी चाचांकडं पाहिलं. चाचांनी आबांकडं पाहिलं.

"न्हाई दावलं," चाचा चाचरत म्हणाले. "म्हंजी... फकस्त बाजारात."

मग बाई म्हणाल्या, "बाजारात नेमकं काय दाखवलं?"

"उचकी," आबा म्हणाले.

त्यांना सगळी हकीकत सांगितली. त्या हसल्या, मग म्हणाल्या, "म्हणजे वजाबाकी आणि टिचकी लोकांनी पाहिलेली नाही? मग वाचलात. तुमचं फसलं तेच बरं झालं. आता अर्ज जाईपर्यंत तोंडाला कुलूप."

हे शेवटचं वाक्य आबांनी फौजी हुकमासारखं घेतलं. त्यांनी ट्रॅक्टरवर ताडपत्री घातली आणि शेजारी खाट टाकली. डबीला 'डबी' म्हणायचीही बंदी. फोनवर तिचं नाव 'म्हातारी'. "म्हातारी कशी हाय?" "बरी हाय. आज ऐकू आलं तिला." दोन दिवसांत गावात चर्चा सुरू झाली की सुभेदारांकडं कुणीतरी आजारी म्हातारी आणून ठेवलीय. एक शेजारीण तर नारळपाणी घेऊन आली. ट्रॅक्टर का झाकलाय, असं कुणी विचारलं की आबा म्हणायचे, "सर्दी झालीया त्याला."

अर्ज लिहिताना माझी खरी परीक्षा झाली. चाचा सांगायचे, "माइक पेल्यात घातलाय." एजंटबाई लिहायच्या, ध्वनिग्राहक एका संरक्षक आवरणात स्थित असून. पेला गेला, आवरण आलं. संशोधक म्हणून मी फक्त चाचांचं नाव घातलं होतं. चाचांनी कागद परत केला.

"टिचकी कुणाची?"

"माझी. पण एवढंसं ते..."

"एवढंसं नसतं तर परत उचकी लागली असती. लिव्ह तुझं नाव."

लिहिलं. अर्ज गेला, ताडपत्री निघाली, आबांची खाट ओसरीत परत आली.

मग बराच काळ काहीच घडलं नाही आणि एक दिवस पेटंट कार्यालयाचा तपासणी अहवाल आला. परदेशातली दोन जुनी पेटंटं दाखवून विचारलं होतं, यात तुमचं नवीन काय? त्यातल्या एकात मोटारीमागं रुग्णवाहिका आली की आत रेडिओचा आवाज कमी होत होता. माझं तोंड उतरलं. चाचांचा चेहरा मात्र खुलला.

"म्हंजी तिकडं बी आमच्यासारखी येडी हायती म्हण की!"

आम्ही लेखी उत्तर दिलं, तरी शंका उरली म्हणून सुनावणी लागली. ती व्हिडिओवर होती. मी कॉलेजातली संगणकाची खोली मागून घेतली. चाचा इस्त्रीचा पांढरा झब्बा आणि टोपी घालून आले, अत्तर लावून. "चाचा, व्हिडिओवर वास जात नाही," मी म्हणाले. "मला तर येतो न्हवं? जरा धीर राहतोय," ते म्हणाले. आबा दाराबाहेर स्टूल टाकून बसले आणि आमच्या प्राचार्यांनाही त्यांनी ओळखपत्र विचारलं.

पडद्यावर अधिकारी होते, गंभीर, मान खाली घालून कागद चाळणारे. एजंटबाई इंग्रजीत मुद्दे मांडत होत्या. अधिकारी म्हणाले की आवाज ओळखून आवाज कमी करणं जुनंच आहे, उशीर मोजणं हा किरकोळ बदल वाटतो. बाई पुन्हा समजावत होत्या आणि चाचा माझा पदर ओढत होते. शेवटी मी विचारलं, संशोधक स्वतः बोलले तर चालेल का? अधिकाऱ्यांनी मान हलवली.

चाचा खुर्चीतून उठूनच उभे राहिले. कॅमेऱ्यात नुसता झब्बा दिसायला लागला. मी त्यांना खाली बसवलं.

"साब," ते त्यांच्या हिंदीत म्हणाले, "मोटार की लंबाई रोज बदलती क्या?"

अधिकाऱ्यांनी पहिल्यांदा मान वर केली. "नहीं."

"हमारे टॅक्टर की बदलती. सुबह दो ट्रेलर, दोपहर को एक. कारखाने पे एक छोड के आते. वो परदेस वाले का कान एक ही जगा. हमारा कान रोज आगे-पीछे होता. इसलिए रोज टिचकी मार के पूछना पडता, कान भाई, आज किधर है तू?"

अधिकारी हसले नाहीत, पण त्यांनी पेन उचललं. मग पाऊण तास त्यांनी फक्त टिचकीबद्दलच विचारलं आणि तिथं मला बोलता आलं. बाहेर आलो तेव्हा आबांनी विचारलं, "रिपोर्ट?" चाचा म्हणाले, "सुभेदार, घाम फुटला. पर साहेब माणूस बरा."

आमचा दावा, म्हणजे आमचं नवीन नेमकं काय ते सांगणारं कलम, अधिकाऱ्यांनी छाटून लहान करायला लावला. नुसतं हॉर्न ऐकणं त्यातून काढलं. लांबी बदलणारं वाहन, टिचकी आणि वजाबाकी, एवढंच ठेवलं. त्यानंतर काही महिन्यांनी पेटंट मंजूर झालं. मी प्रिंट घेऊन दुकानात गेले. चाचांनी पहिला दावा मराठीत वाचायला लावला. दीड पानाचं एकच वाक्य, पूर्णविराम थेट शेवटी. वाचून मला धाप लागली.

"ह्ये सगळं मी केलंय?" चाचांनी विचारलं.

"आपण केलंय."

त्यांनी नावांवरून बोट फिरवलं. इंग्रजी अक्षरं लावत लावत आधी स्वतःचं नाव वाचलं, मग माझं. नंतर आत जाऊन चाचींना बोलावून आणलं आणि म्हणाले, "हिनं जेवाय हाक मारली नसती तर काय बी झालं नसतं. हिचं नाव कुठं घालायचं ते राहिलंच बघ."

चाची म्हणाल्या, "नावाचं असू दे. त्यो पेला माझा हुता, त्यो परत द्या."

गेल्या हंगामात आमच्या रस्त्यावर दहा-बारा ट्रॅक्टरांना ही डबी बसली. मी वेळेवर पोचते. नवी भानगड एवढीच की मोटारसायकलवरची पोरं मागं लागून उगीचच हॉर्न देतात, ट्रॅक्टर गप्प होतो आणि ड्रायव्हर चिडतात. त्यांनी चाचांकडं डबी बंद करायचं बटण मागितलं. चाचांनी भिंतीवर लॅमिनेट करून टांगलेल्या कागदाकडं बोट दाखवलं.

"पेटंटात बटण न्हाई, गड्या. साहेबांना विचारावं लागंल."

आबांच्या ट्रॅक्टरला मात्र सीटखाली एक लहानसं बटण आहे. परवा पुसताना मला सापडलं. ते कुणी बसवलं, हे मी अजून दोघांनाही विचारलेलं नाही.