अवधपुरीची गुळवेल

भोपाळला उतरले तेव्हा सकाळचे आठ वाजले होते. सांची, भीमबेटका, मोठा तलाव, सगळं आठ दिवसांत बघायचं ठरवून मी साताऱ्याहून निघाले होते. मला न्यायला माझी मोठी बहीण, अक्का, एकटीच आली होती. भावजी अवधपुरीजवळच्या सरकारी कारखान्यात नोकरीला, त्यांची पहिली पाळी होती. फलाटाच्या छपराखाली काही कळलं नाही. बाहेर उन्हात आल्यावर तिने माझ्याकडे वळून पाहिलं. तिच्या डोळ्यांचा पांढरा भाग हळदीसारखा पिवळा झाला होता.

उन्हाळ्यामुळे थकवा आलाय, असं ती म्हणाली. रिक्षा गोविंदपुऱ्यातल्या कारखान्यांच्या रांगांमधून निघाली. लोखंड कापल्याचा आवाज सतत येत होता. तेवढ्या आवाजात तिने मला अगदी कौतुकाने सांगितलं, की सांधेदुखीसाठी मी सुचवलेला गुळवेलीचा काढा ती दोन महिने न चुकता दोन वेळा घेते आहे. एरवी मला बरं वाटलं असतं. आता मी पुन्हा तिच्या डोळ्यांकडे पाहिलं.

कॉलनीतलं त्यांचं क्वार्टर तळमजल्यावर, मागे कडुनिंब. त्यावर आणि कुंपणाच्या भिंतीवर वेलच वेल. टेबलावर माझ्यासाठी पोहे-जलेबी मांडली होती. अक्काने ताटली लांब सारली, वासानेच तिला मळमळत होतं. तेवढ्यात शेजारच्या उज्जैनच्या जोशीकाकू आल्या. त्यांची मराठी हिंदीच्या अंगाने जायची. पीलिया (कावीळ) तर गिलोयनेच (गुळवेलीनेच) उतरतो, आता दिवसातून तीनदा घ्या, असं त्यांनी बजावलं. अक्काने मान डोलावली आणि गॅसवर पातेलं चढवलं.

मी मागे जाऊन वेल पाहिली. पानं हृदयाच्या आकाराची, आमच्याकडच्यासारखीच. पण भिंतीवरच्या वेलीचं खोड गाठाळ होतं आणि निंबावरचं गुळगुळीत, म्हणजे वेली दोन वेगळ्या असाव्यात. अक्का कुठली तोडत होती? विचारलं तर म्हणाली, हाताला येईल ती.

दवाखान्यात चल म्हटलं तर ती ऐकेना. औषधांनी पोट बिघडतं, झाडपाल्याने कुणाचं काही बिघडत नाही, हे तिचं म्हणणं. काढा गाळता गाळता ती म्हणाली, "तूच सांगितलंस ना? मग आता तूच का घाबरतेस?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण ती पेला तोंडाला लावत होती.

"अक्का, मी तो कधीच घेतलेला नाही. कुणाकडून तरी ऐकलं आणि माहीत असल्यासारखं तुला सांगितलं."

तिने पेला खाली ठेवला. रागावली नाही. तेच जास्त लागलं. मग दवाखान्यात यायचं म्हणून साडी बदलायला आत गेली.

कॉलनीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त घेतलं. वेल कुठलीही असो, कुणाकुणाच्या लिव्हरला ती झेपत नाही, काढा आजपासून बंद, असं त्यांनी सांगितलं. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ज़्यादा सोने लगें या बातें भूलने लगें, तो रुकिएगा मत." म्हणजे जास्त झोपायला किंवा विसरायला लागली, तर न थांबता मोठ्या हॉस्पिटलात न्यायचं.

तेव्हापासून मी अक्काच्या उशाशी बसले. तिने डोळे मिटले की काहीतरी विचारायचे. शाळेतल्या बाईंचं नाव, गल्लीतल्या विहिरीचा रहाट कोण ओढायचं. ती कंटाळून उत्तरं द्यायची. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने बराच वेळ माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "आई बाजारातून आली का गं?"

आईला जाऊन नऊ वर्षं झाली होती.

भावजी कारखान्यातून धावत आले. कामाचे तेलकट कपडे तसेच अंगावर होते. शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात तिला दाखल केलं. वाटेत त्यांनी मला एकदाही दोष दिला नाही. कदाचित त्यांना ठाऊकच नव्हतं. मीही सांगितलं नाही. तेवढं धैर्य माझ्यात नव्हतं. पाच दिवस मी हॉस्पिटलच्या बाकावर बसून होते. तिथून मोठ्या तलावाची एक निमुळती पट्टी दिसायची, पण मी ती धड पाहिलीही नाही. दार उघडलं की नर्सचा चेहरा आधी पाहायचे. सहाव्या दिवशी अक्काने मला नावाने हाक मारली आणि चहा मागितला. मी जिन्यात जाऊन रडले.

आठ दिवसांसाठी गेलेली मी महिन्याने परतले. सांची पाहिलीच नाही. निघायच्या आदल्या संध्याकाळी भावजींना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तिनेही मला कधी विचारलं नाही, आणि मीही कधी पाहिलं नाही ती काय पिते ते."

साताऱ्याला आल्यावर आठवून आठवून यादी केली. तोच काढा मी आणखी सहा जणींना सांगितला होता. एकेकीच्या घरी गेले. पाच जणींनी केव्हाच सोडून दिला होता. सहावी म्हणाली, तिचे गुडघे दुखायचे त्यानेच थांबलेत, मी उगीच भिववते आहे. ते खरंही असेल. तिच्या डोळ्यांकडे बघत मी एवढंच म्हणाले, की एकदा रक्त तपासून घ्या, मी सोबत येते.

ती हसली. मी मात्र बसून राहिले, ती चपला घालेपर्यंत.