तीन डोंगरांचा बर्फ

त्या हिवाळ्यात रियाधमध्ये माझी सहा वर्षांची मुलगी कॅनडातल्या तीन डोंगरांना मार्क देत बसायची.

आम्ही शहरातल्या मलाझ भागात कंपनीच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहत होतो. मी ड्राफ्ट्समन. खालच्या मजल्यावर आमचे कॅनेडियन इंजिनियर साहेब एकटेच असत. दरवर्षी याच दिवसांत ते स्कीइंगसाठी घरी जायचे. त्या वर्षी इराकशी युद्ध सुरू झालं आणि रजा राहिली. क्षेपणास्त्राच्या इशाऱ्याचा भोंगा वाजला की ते वर आमच्याकडे येत, कारण गॅसच्या भीतीने आम्ही आतल्या खोलीची खिडकी प्लॅस्टिक आणि चिकटपट्टी लावून बंद केली होती. येताना ते तीन स्की रिसॉर्टची माहितीपत्रकं आणत.

मुलीला दमा होता. मोठ्यांना मास्क मिळाले होते, तिच्या मापाचा कुठेच मिळाला नाही. तिला नाही म्हणून बायकोही स्वतःचा लावत नसे.

तिचं लक्ष भोंग्यावरून उडावं म्हणून साहेब तिला डोंगर समजावून सांगत. पहिल्यावर बर्फ भरपूर, पण ओला आणि जड. दुसऱ्यावरचा पिठासारखा कोरडा, पण उतार इतके उभे की नवख्याने जाऊ नये. तिसऱ्यावर रोज यंत्र फिरवून बर्फ दाबतात, तो गादीसारखा सपाट होतो. पण डोंगर बुटका. ती इंग्रजीत उलट प्रश्न करायची, मी बायकोला मराठीत सांगायचो. पडलं तर कुठे जास्त लागतं, असं बायकोने मला विचारायला लावलं. दाबलेल्या बर्फावर, असं साहेब म्हणाले, आणि तिसऱ्या डोंगराचे दोन मार्क गेले.

एकदा भोंगा भर दुपारी वाजला. खोलीत आम्ही चौघं, दाराखाली ओला टॉवेल. थोड्याच वेळात मुलीला धाप लागली. पंप दोनदा दिला. उपयोग झाला नाही. तिचे ओठ काळपट दिसायला लागले. साहेबांनी स्वतःचा मास्क काढून तिच्या तोंडावर धरला, तर तो कानांपर्यंत सैल. त्यांनी हात खाली घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. बाहेर खरंच गॅस असेल तर खिडकी उघडणं म्हणजे तिला मारणं, आणि नाही उघडली तरी तेच. मी खिडकीजवळ गेलो, चिकटपट्टीचं टोक नखाने उचकटलं आणि तसाच उभा राहिलो. हात पुढे जाईना.

"अहो, बाजूला व्हा," बायको म्हणाली. तिने प्लॅस्टिक फाडलं, खिडकी उघडली आणि पोरीला कडेवर घेऊन तिथेच उभी राहिली. बाहेर ऊन होतं. गॅस नव्हता. मुलगी हळूहळू श्वास घ्यायला लागली. साहेब जमिनीवर बसून रडले. मला रडूही आलं नाही.

दुसऱ्याच दिवशी मी पासपोर्टसाठी कफीलच्या, म्हणजे आम्हाला नोकरीवर आणणाऱ्या सौदी मालकाच्या, ऑफिसात गेलो. पासपोर्ट त्याच्याकडे, आणि त्याच्या सहीशिवाय एक्झिट व्हिसा नाही. तो घरच्यांना घेऊन, तिथे धोका नाही म्हणून, जेद्दाला गेला होता. तिथल्या कारकुनाने मला चहा दिला आणि परवा या, म्हणाला. मी चार वेळा गेलो. एकदा साहेबही बरोबर आले, मोठ्या आवाजात बोलले. तेव्हा दोघांना चहा मिळाला.

त्याच आठवड्यात साहेबांच्या देशाच्या लोकांसाठी विमानाची सोय झाली. ते निरोप घ्यायला आले तेव्हा दारातच उभे राहिले.

"तिला तरी माझ्याबरोबर पाठवा, असं म्हणणार होतो," ते मला म्हणाले. "पण तिचा पासपोर्टही तिथेच आहे ना?"

मी हो म्हणालो. मुलीने त्यांना विचारलं की आता पहिला नंबर कोणाचा. तुझी आई सांगेल तो, असं म्हणून ते जिना उतरले.

युद्ध संपल्यावर कफील परत आला. हसतमुखाने त्याने तिन्ही पासपोर्टची कामं एका सकाळीत करून दिली. आम्ही गावी जाऊन आलो, पुढे रियाधमध्येच सात वर्षं राहिलो. त्या दुपारबद्दल बायकोने मला कधी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर काय सांगितलं असतं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.