मध्ये बोलायचं नाही

पार्ल्यातल्या त्या खोलीत पहिल्याच दिवशी मला आणि नवऱ्याला एकेक कोरा कागद आणि पेन्सिल मिळाली. मध्यस्थ बाई साठीच्या, आवाज कधीच न चढवणाऱ्या. म्हणाल्या, "एक जण बोलत असताना दुसऱ्याने मध्ये बोलायचं नाही. अगदीच राहवलं नाही तर इथे लिहा."

आता हे मला सांगायचं? आम्ही चार बहिणी. आमच्या घरात बोलायची पाळी हिसकावून घेतल्याशिवाय मिळायचीच नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं आई रोज म्हणायची आणि तीही आमच्या मध्येच म्हणायची.

नवरा बरोब्बर उलटा. तांदूळ निवडावेत तसा शब्द निवडून बोलणार. भाजी कुठली आणू, एवढं विचारायला याला युगं लागायची. मग मीच, "कळलं रे, तुला म्हणायचंय की..." करून मोकळी व्हायचे. पंधरा वर्षं मी त्याची वाक्यं पुरी केली आणि वर मला वाटायचं, मी मदत करतेय.

वेगळं व्हायचं दोघांचंही ठरलं होतं. तो वर्षभर बोरिवलीला भावाकडे राहत होता. अडलं होतं फक्त मुलीवर. तेरा वर्षांची आमची पोर. ती मुलुंडला माझ्याजवळच राहायला हवी होती मला, आणि तो तिला मागणार याची माझ्या मनात शंभर टक्के खात्री होती. वकील म्हणाले, कोर्टात भांडलात तर पोरीची फरफट होईल, आधी मीडिएशनला बसून बघा. म्हणून पार्ले.

माझी पाळी आली तेव्हा मी वीस मिनिटं सलग बोलले. त्याचा कागद कोराच. मग त्याची पाळी.

"मी..." तो म्हणाला आणि थांबला.

झालं! पंखा फिरतोय, खाली रिक्षावाले बोंबलतायत आणि हा ढिम्म. माझा पाय टेबलाखाली थडथड उडायला लागला. "अरे, बोल ना यार!" तोंडातून निघालंच. बाईंनी नुसतं माझ्या कागदावर बोट टेकवलं. मी तेही लिहिलं. दोन बैठकांत माझा कागद दोन्ही बाजूंनी भरला.

तिसऱ्या बैठकीत मुलीचा विषय निघाला. रात्रभर डोळा लागला नव्हता.

"मुलीला मला..." तो म्हणाला. थांबला.

मी लिहिलं, "न्यायचंय." त्याखाली, "नाही, नाही, नाही." पेन्सिलीचं टोक मोडलं. उठले, खिडकीशी गेले, परत येऊन बसले.

"...तुझ्यापासून तोडायचं नाहीये. ती तुझ्याकडेच राहू दे."

जिंकले की मी! एरवी एवढ्यावर मी पर्स उचलून उठले असते. पण त्याचं संपलं नव्हतं.

"फक्त शनिवारी ती मला एकटी भेटू दे. तू बरोबर नको. हल्ली ना... तीही माझं वाक्य पुरं करते. तुझ्याच आवाजात."

मला राग आला. आधी रागच आला, खोटं कशाला बोलू? मग आमचं जेवणाचं टेबल आठवलं. जेवताना तो "मला जरा" म्हणून थांबला की पोर म्हणायची, "मीठ ना, बाबा?" आणि मीठ पुढे सरकवायची. मी हसायचे, शोभते माझी पोर. तो मुकाट्याने मीठ घ्यायचा. त्याला मीठच हवं होतं का, हे आम्ही दोघींनी कधी विचारलंच नाही.

"कागदावरचं काही वाचायचंय?" बाईंनी विचारलं. मी मान हलवून नाही म्हटलं आणि कागद पर्समध्ये कोंबला.

लग्न काही वाचलं नाही. सह्या झाल्या. आता शनिवार त्या दोघांचा.

मागच्या शनिवारी पोर बुटांच्या नाड्या बांधत होती, फोन स्पीकरवर होता. "अगं, आज मी..." एवढं बोलून तो थांबला. येत नाहीये, मला लगेच कळलं. तिलाही कळलं असावं, चेहरा पडलाच तिचा. ती तोंड उघडणार तेवढ्यात मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिने वैतागून माझ्याकडे बघितलं. मी दात आवळून उभी. माझी जीभ अशी शिवशिवत होती, काय सांगू!

"...लवकर आलोय गं. खालीच उभा आहे. सावकाश ये."

ती एका बुटाची नाडी तशीच सोडून धावली. मी दारात उभी राहिले. तो येत नाहीये, असं मी बोलले असते, तर तिने माझंच खरं मानलं असतं.