सुदुंबऱ्यातला बंद गुरुवार

लोणावळ्याहून निघाले तेव्हा त्या दिवशी गुरुवार आहे हे माझ्या गावीही नव्हतं. कार्ल्याजवळ खिडकीतून भाताची कापणी बघत मी स्वतःवर खूश होते. शेतांमध्ये कारखाने दाटीने का उभे राहतात, यावर मला लेख लिहायचा होता आणि त्याची उत्तरं मी घरूनच लिहून आणली होती: रस्ता, वीज, जमीन. तळेगावला बस बदलून सुदुंबऱ्यात उतरले, तर सगळ्या वर्कशॉपांची शटरं खाली! इथली साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, हे मला पिठाच्या गिरणीतल्या आबांकडून कळलं.

एकच शटर अर्धं उघडं होतं. आत सुनंदाताई एकट्याच विजेवरच्या गाड्यांच्या मोटरींचे भाग करत होत्या.

"बसा ताई, पर आत्ता इचारू नका काय," त्या म्हणाल्या.

चार वाजता गाड्यांच्या कंपनीचे साहेब पाच नमुने तपासायला येणार होते. पास झाले तर काम सुनंदाताईंना, नाहीतर वर्कशॉप बंद करून पुन्हा दुसऱ्याच्या मशीनवर नोकरी. आणि त्यांचं गेज (भोकाचा व्यास बारकाईने मोजणारं उपकरण) नेमकं आजच बिघडलं होतं. दुसरं गेज होतं शेजारच्या पोपटरावांकडे, आणि पोपटराव याच कामासाठी त्यांचे स्पर्धक. त्यांचे नमुने कंपनीत पोचलेसुद्धा होते.

"मग मागा की," मी म्हणाले.

"मागायचं न्हाईच हितं. सुट्टीला समद्यांच्या चाव्या आबांकडं असत्यात. लागंल ते न्यायचं, त्या जागी आपलं काहीतरी ठिवायचं. आबा मालकाला फोन करत्यात. पर आज पोपटरावाचंच गेज न्यायचं म्हंजी…"

"अहो, घड्याळ बघा!" मी तोंड घातलं. जिथे तिथे तोंड घालायची माझी खोड जुनीच.

त्या गेल्या, आपला व्हर्नियर, म्हणजे ढोबळ मापाची पट्टी, तिथे ठेवून गेज घेऊन आल्या. दोन तास मशीनची घरघर चालू होती. त्यांनी चहाही घेतला नाही. चार नमुने झाले, पाचवा झाला, तेवढ्यात साहेब दारात आले. त्यांनी बॅगेतून स्वतःचं गेज काढलं.

त्याच वेळी बाहेर मोटारसायकल थांबली. अंगावर भाताचा भुसा, घामाघूम झालेले पोपटराव आत शिरले. लोणावळ्याजवळच्या औंढ्याला सासुरवाडीच्या शेतात कापणीला गेले होते; आबांचा निरोप उशिरा दिसला आणि इथे कुणीच फोन उचलेना, म्हणून तसेच निघाले.

"सुनंदा, फोन का उचलंना? माजं गेज खोटं दावतंय. परवा हातातनं पडलंतं, त्ये काल ध्येनात आलं. भोकं बारीक ऱ्हायली असतील, अजून वाढवून घेता येत्यात!"

सुनंदाताईंनी नमुने साहेबांपुढे सरकवले. साहेबांनी एक नमुना मोजला आणि मान हलवली. भोक खरंच लहान होतं. मग त्यांनी पोपटरावांकडे बघितलं.

"तुमचे नमुने?"

पोपटरावांनी अंगावरचा भुसा झटकला. "पडल्यावरच मोजलेत साहेब. त्याच गेजवर."

साहेबांनी वहीतलं पोपटरावांचं नाव खोडलं. मग घड्याळ बघून सुनंदाताईंना तासभर दिला. साहेबांच्या गेजवर मोजत पाचही नमुने दुरुस्त झाले, तो तासभर पोपटराव सुनंदाताईंच्या शेजारी उभे राहून एकेक तुकडा पुसून देत होते. नमुने पास झाले तेव्हा सुनंदाताई रडल्या. मला मात्र पोपटरावांकडे बघवेना.

त्यांनीच मला तळेगाव स्टेशनवर सोडलं. मी न राहवून विचारलं, "गप्प बसला असतात तर?"

"तर तिचं बी गेलं असतं, माजं बी. आमी दोघं एकाच लेथ मशीनवर शिकलो, ताई. हितला माल खोटा निघाला की कंपनीवाले माज्या न्हाई, गावाच्या नावानं बोंबलत्यात. मग समद्यांचंच काम लय लांब जातंय."

लोणावळ्याला परतल्यावर मी आधीची टिपणं काढून बसले. रस्ता, वीज, जमीन, सगळं बरोबरच होतं. पण तेवढं तर इतर गावांकडेही असतं. इथे जास्तीची आहे ती एकमेकांना सांभाळून घ्यायची रीत, आणि ती मला दाखवणाऱ्या माणसाचं काम त्याच दुपारी गेलं, आणि गेज आणायला घाई केली होती मी.