गप्प केलेला अलार्म

घरातून निघताना आई कुलूप तीनदा ओढून बघते. मामेबहिणीच्या साखरपुड्यासाठी आम्ही दोघी जिंतूरला निघालो तेव्हाही तिनं तेच केलं, आणि मी नेहमीसारखी तिची थट्टा केली. "आई, कुलूपच तुटेल एखाद्या दिवशी."

"तुटू दे. जिवाला घोर तर न्हाई लागायचा," ती म्हणाली.

बसनं परभणी सोडली आणि थोड्या वेळात घोर मलाच लागला.

मी एका अणुवीज केंद्रात काम करते. तिथल्या पाण्याच्या पंपांना आम्ही सेन्सर बसवलेत. ते पंपांची थरथर मोजून क्लाउडवर पाठवत राहतात, म्हणजे बिघाड आधीच कळावा. सेन्सर तपासताना उगाच बोंब नको म्हणून अलार्म म्यूट करायचा आणि तपासून झालं की चालू करायचा. तीन दिवसांपूर्वी सुट्टीवर निघायच्या घाईत एका पंपाचा अलार्म मी म्यूट केला होता. परत चालू केला होता का? काही केल्या आठवेना. म्यूट असला की स्क्रीनवर सगळं हिरवंगार दिसतं. कोपऱ्यात एक राखाडी ठिपका येतो, पण त्याच्याकडे कोण बघतंय!

अणुभट्टीच्या मूळ सुरक्षेची यंत्रणा वेगळी आहे, असं मी स्वतःला दहादा बजावलं. मग आमचे सेन्सर काय शोभेला लावलेत? फोनला रेंज नव्हती.

"कुणाला लावायलीस एवढं?" आईनं विचारलं. मी तिच्यावर खेकसले. ती बिचारी खिडकीबाहेर बघत बसली.

बोरीच्या थांब्यावर एकदाचा फोन लागला. ड्यूटीवरचे सर म्हणाले, "सगळं हिरवं आहे. निवांत सुट्टी घ्या."

तेवढ्यावर फोन ठेवता आला असता. ठेवावासा वाटलाही, खोटं कशाला बोलू. पण तोंडातून निघालंच, "सर, मी अलार्म म्यूट ठेवलाय म्हणून हिरवं दिसत असेल."

पलीकडे कीबोर्डची टकटक ऐकू आली. बस सुटली.

"म्यूटच होता," सर म्हणाले. "चालू केलाय. पंप ठीक आहे. तीन दिवस कुणाच्याच लक्षात आलं नाही. आल्यावर लेखी द्या."

मी फोन ठेवला. आईनं सगळं ऐकलं होतं. तिला त्यातलं काय कळलं, कोण जाणे.

"कुलूप राह्यलं व्हतं व्हय?" तिनं हळूच विचारलं.

"हो," मी म्हणाले.

ती हसली असती तर बरं झालं असतं. ती हसली नाही.