मूठभर कोंड्याचा विमा

विम्याचा धंदा सरकारजमा झाला, त्या सुमाराला मी ईट गावात विम्याचा एजंट होतो. कुणाच्याही ओसरीवर टेकलो की चहा यायच्या आत त्याच्या मरणाचा विषय काढायचो. त्यामुळं बऱ्याच घरांतून चहा येईनासा झाला. विमा मरण टाळत नाही, माणूस गेल्यावर घरच्यांना पैसे मिळतात, हे मी घसा कोरडा करून सांगायचो. लोक म्हणायचे, "मंग त्येचा आमाला काय उपेग?"

त्यात माझी कुत्री जगत नसत. पहिलं तापानं गेलं. दुसऱ्याला दर्ग्यातल्या मुजावरानं ताईत बांधून दिला होता. तो त्यानं दोऱ्यासकट चावून गिळला आणि महिन्याच्या आत तेही बैलगाडीखाली आलं. एक शेतकरी चावडीसमोर, सगळ्यांच्या देखत म्हणाला, "तुमच्या दारात कुत्रं टिकंना, आन तुमी आमच्या जिवाची हमी घेताव व्हय?" लोक पोट धरून हसले. मीही हसलो, कारण दुसरं काय करणार.

मग तिसरं पिल्लू आलं. तांबूस, एक कान पडलेला, आणि पहिल्याच दिवशी माझ्या छापील माहितीपत्रकांवर मुतलं. इतका मोकळा अभिप्राय मला गावात कुणी दिला नव्हता. मला ते भलतंच आवडलं. हे मरू नये, एवढंच मला वाटत होतं.

मी विम्याचा माणूस, म्हणून घाई न करता चौकशी केली. सोनारीचा काळभैरव तर कुत्र्यांचाच धनी. पण तिथं नवस बोलला तर कुत्रं देवाचं होतं, देवळातच सोडावं लागतं, असं एकानं सांगितलं. खरं-खोटं देवाला ठाऊक, मी भिऊन गेलोच नाही. तालुक्याच्या जनावरांच्या डॉक्टरनं पिल्लाकडं आणि मग माझ्याकडं पाहून विचारलं, "बैल कुठाय?" ताईताचा अनुभव तर पोटात गेलेला होता.

राहता राहिली शेजारची आत्याबाई. ही विधवा म्हातारी दोन शेळ्यांवर आणि एका तोंडावर संसार चालवायची. ती म्हणाली, "मला इकून टाका." ज्या घरात लेकरं जगत नाहीत, तिथं नवं लेकरू शेजारणीला मूठभर कोंड्याला विकायची आमच्याकडं चाल होती. लेकरू वाढायचं आईपाशीच, पण म्हणायचं शेजारणीचं. मग मरण शेजारणीच्या घरात शोधायला येतं आणि हात हलवत परत जातं. "माझा ल्योक असाच जगला," आत्याबाई म्हणाली. "आता सोलापूरला गिरणीत हाय."

मी मॅट्रिक पास. असल्या खुळचट समजुतींवर मी ओसऱ्या-ओसऱ्यांवर व्याख्यानं दिलेली. पण कुणी बघत नाही असं पाहून मी भिंतीवरून पिल्लू दिलं, तिनं माझ्या ओंजळीत कोंडा टाकला आणि पिल्लू परत दिलं. अटी तिनं तिथंच सांगितल्या. "तुकडा तुमीच घालायचा. पर माझं म्हणायचं न्हाय. इसरून सुदिक न्हाय."

पिल्लू जगलं. चांगलं थोराड झालं. माझ्या उंबऱ्यात झोपायचं, माझ्या मागं वेशीपर्यंत यायचं, आणि कुणी विचारलं की मी म्हणायचो, "आत्याबाईंचं आहे." त्यानं कुणाची कोंबडी धरली की हे सांगायला बरं वाटायचं. पण कुणी "काय देखणं कुत्रं हो" म्हणालं की जीभ शिवशिवायची. पुष्कळदा घरात कडी लावून त्याच्या कानात 'तू माझं आहेस' असं सांगावंसं वाटलं. तेही कधी सांगितलं नाही. मरणाचे कान किती तिखट असतात, हे विम्याच्या माणसाला कोण शिकवणार.

चार-पाच वर्षांत माझा धंदा ईटमध्ये साफ बसला. तुळजापुरात पुजारी, दुकानदार, लॉजवाले, सगळी हिशेबी माणसं. तिथं नशीब अजमावावं असं ठरवलं. कुत्र्याचं काय, हे आत्याबाईला विचारायला गेलो. ती शेळीची धार काढत होती. वर न बघता म्हणाली, "कोंडा परत करा, कुत्रं तुमचं. म्या कशाला धरून ठिवू? फुडं त्येचं नशीब."

आठवडाभर मी स्वतःशी वाद घातला. बोलणारा मीच आणि ऐकणाराही मीच, त्यामुळं मी दर वेळी जिंकत होतो. निघायच्या सकाळी कागदाच्या पुडीत कोंडा बांधून खिशात टाकला आणि मोटारीच्या थांब्यावर गेलो. आत्याबाई पोहोचवायला आली होती. मी मोटारीत चढलो, आणि माझ्या मागोमाग कुत्रं उडी मारून आत आलं, माझ्या पायाशी बसलं.

कंडक्टर ओरडला, "कुत्रं कुणाचं हाय? मालक आसंल तर बोला, न्हायतर खाली काढा."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. खिशात हात घातला. पुडी हाताला लागली, पण ती काही बाहेर येईना. मला ते हवं होतं. आयुष्यात फार थोड्या गोष्टी मला इतक्या हव्या होत्या. एक शब्द बोलायचा होता, आणि गावोगाव बोलून पोट भरणाऱ्या माझं तोंड उघडेना.

"माझं हाय," दारातून आत्याबाई म्हणाली. तिनं आत येऊन पदराचं टोक त्याच्या गळ्याभोवती घातलं आणि हळूच ओढलं. ते उतरताना दोनदा थांबलं. मी खिडकीकडं तोंड फिरवलं.

कंडक्टर तिकिटांची पेटी उघडत माझ्याजवळ आला. "किती?"

"एकच," मी म्हणालो.